बिनवासाचं घर

माझ्या थोरल्या नातीला पहिला दात आला आणि माझ्या नणंदेचा पुढचा दात पडला, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही एकाच आठवड्यात झालं. घरातले सगळे नातीभोवती गोळा झालेले बघून नणंदबाई म्हणाल्या, "तिचा आला तर सगळं घर तोंडात डोकावतंय. माझा गेला तर कुणी विचारतही नाही, कुठल्या बाजूचा म्हणून."

मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते आणि त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. मी त्यांना वन्सं म्हणायची, त्या मला वहिनी. आम्ही दोघींनी मिळून तीस वर्षं लोकांची घरं साफ केली. रोजची झाडलोट नव्हे. कुणी घर सोडून जातं, कुणी नव्यानं राहायला येतं, कुणाचं वीस वर्षं न हललेलं कपाट हलवायचं असतं, तसली कामं. माझा नवरा गेल्यावर लोक म्हणाले, आता नणंद-भावजयीचं नातं काय राहणार. राहिलं. एका बादलीत दोघींचे हात असले की राहतं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. वन्संचा सगळा भरवसा ॲसिडवर. त्या म्हणायच्या, "डोळ्यांतून पाणी आलं नाही तर मोरी साफ झाली असं म्हणायचं कशावरून?" बावीस वर्षं मीही तेच केलं. मला वाचता येत नव्हतं, बाटल्या झाकणाच्या रंगावरून ओळखायच्या. पन्नाशी उलटल्यावर मी बायकांच्या वर्गात अक्षरं शिकले, आणि वर्गाबाहेर आपणहून वाचलेली पहिली गोष्ट म्हणजे निळ्या झाकणाच्या बाटलीची पाठ. 'वाफ श्वासात घेऊ नये. बंद जागेत वापरू नये.' मी ते वन्संना मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही तेव्हा एका बंद मोरीतच उभ्या होतो. वन्सं म्हणाल्या, "तुला वाचता येत नव्हतं तेव्हा काम भरभर व्हायचं."

मी मात्र त्या दिवसापासून बाटल्या सोडल्या. गरम पाणी, साबणाचा चुरा, खायचा सोडा, व्हिनेगर, जुनं सुती फडकं आणि वेळ. वेळ सगळ्यात महत्त्वाचा. नळावरचं पांढरं किटण ॲसिडनं क्षणात जातं. व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवलं तर तासभर लागतो, पण तो तास तुम्ही दुसरं काम करू शकता. लोक सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात, फसफसलं की खूश होतात. फेस दिसतो, काम होत नाही. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही, मी माझ्या घरच्या मोरीवर करून बघितलं.

आदल्या वर्षी वन्संची छाती धरली ती सुटेना. डॉक्टरांनी सांगितलं, आतून पोळली आहे, आता ॲसिड, फिनेल, धूळ, सगळं बंद. वन्संनी बाटली ठेवली. ठेवली म्हणजे सिंकखाली ठेवली, टाकली नाही. पण कामावर यायच्या बंद झाल्या, आणि एकदा घरी बसल्यावर त्या अशा काही वाळत चालल्या, की मला माझंच जेवण गोड लागेना.

अशात घड्याळजी आमच्या दारात आले.

त्यांचं बाजारातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती. आता घरीच टेबल टाकून थोडी दुरुस्ती करायचे. त्यांची बायको दोन महिने रुग्णालयात होती, फुफ्फुसाच्या दुखण्यानं. आता तिला घरी सोडता आलं असतं, पण डॉक्टरांनी अट घातली होती. घरात धूळ नको, बुरशी नको, कसला म्हणजे कसला उग्र वास नको. दहाव्या दिवशी सकाळी रुग्णालयाची नर्स घर बघायला येणार. तिनं होकार दिला तर बायको घरी. नाही दिला तर शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी होती, ती तिच्या नावावर. तिथं जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि भेटायला आठवड्यातून एक दिवस.

"तिथून माणूस परत येत नाही," घड्याळजी म्हणाले. "ती मला म्हणाली, मला तिथं पाठवू नका. मी हो म्हणून बसलोय. बाई, एका कंपनीला बोलावलं होतं. ते मशीन आणि औषधं घेऊन येणार. त्यांना विचारलं, वास किती दिवस राहतो? म्हणाले, छान सुगंध येतो, पंधरा दिवस टिकतो."

मी घर बघायला गेले. तीन खोल्या. पुढच्या खोलीत शिरताना आडवं व्हावं लागलं. एका बाजूला वर्तमानपत्रांची भिंत, दुसऱ्या बाजूला खोकी, आणि खोक्यांवर घड्याळं. भिंतीवरची, टेबलावरची, गजराची, उंच लाकडी पेटीतली. एकेचाळीस. सगळी बंद, आणि प्रत्येकात वेगळी वेळ.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"लोकांची. दुरुस्तीला टाकली, न्यायला आलेच नाहीत. कधीतरी येतील."

ह्या 'कधीतरी'नंच ते घर भरलं होतं. काचेच्या बरण्यांत घड्याळांचे जुने बटण-सेल, हजारांनी. दोऱ्या, पट्टे, काचा, रिकाम्या डब्या. पलंगाखाली गुंडाळलेला गालिचा, कपाटावर बॅगा, बॅगांत बॅगा. मी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर बोटाला लोकर लागल्यासारखी धूळ आली.

मी रुग्णालयात जाऊन त्यांच्या बायकोलाही भेटले. ज्याचं घर त्याला विचारल्याशिवाय मी फडकं ओलं करत नाही. ती बारीक, गोरी बाई, नाकाला नळी. मी विचारलं, खाट कुठं हवी?

"खिडकीशी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, श्वास गोळा करून, "पण तुम्ही उगीच हात दुखवून घेऊ नका. ते काही टाकणार नाहीत. लग्नाच्या वेळी मला म्हणाले होते, माझ्याकडे आलेलं मी कधी टाकत नाही. तेव्हा बरं वाटलं होतं ऐकायला."

घरी आले तर वन्सं दार अडवून उभ्या. पायांत चपला, कमरेला पदर.

"मी येणार."

"वन्सं, डॉक्टरांनी सांगितलंय—"

"डॉक्टरांनी काम करू नको सांगितलंय. बघू नको असं सांगितलेलं नाही. मी खुर्चीत बसून तुझ्या चुका काढीन."

"ते तर तुम्ही उभ्यानंही काढता."

"आता बसून काढीन. जास्त निघतील."

पहिल्या तीन दिवसांत आम्ही नुसतं उपसलं. माझी पद्धत अशी: खोलीच्या मधोमध एक जुनी चादर पसरायची. एक-एक वस्तू मी उचलायची आणि मालकाच्या हातात द्यायची. ठेवायची की जाऊ द्यायची, ते त्यानंच ठरवायचं, आणि ती वस्तू त्यानंच आपल्या हातानं त्या-त्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची. मी परस्पर काही टाकत नाही. परस्पर टाकलेलं मागच्या दारानं परत येतं, हे मी तीस वर्षं बघितलंय. आणि 'जाऊ द्यायची' म्हणजे कचऱ्यात नव्हे. आपल्या दारातला कचरा दुसऱ्याच्या दारात ढकलणं ह्याला साफसफाई म्हणत नाहीत. प्रत्येक वस्तू कुठं जाईल, ते आधी ठरलं पाहिजे. वर्तमानपत्रं रद्दीवाल्याकडे, काचा पुसण्यापुरती आम्हाला. फाटक्या सुती चादरींची फडकी. मुदत संपलेली औषधं औषधवाल्याकडे परत. बटण-सेलांनी मला दमवलं. ते कचऱ्यात गेले तर माती-पाणी नासवतात. चार दुकानं फिरले तेव्हा एका वीजवाल्याकडे जुने सेल गोळा करायची पेटी सापडली. बरण्या बघून तो म्हणाला, "मावशी, ही पेटी आहे, कोठार नाही." पण घेतले.

घड्याळजी पहिल्या दिवशी प्रत्येक वस्तूला "राहू दे" म्हणत होते. दुपारपर्यंत 'राहील'च्या कोपऱ्यात डोंगर, 'जाईल'च्या कोपऱ्यात एक तुटका कंगवा. वन्सं धुळीपासून लांब, दाराबाहेर जिन्यात खुर्ची टाकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घड्याळजी, एवढी घड्याळं आणि वेळ एकाकडेही नाही. आज पहिला दिवस संपला. नऊ उरले."

त्यांनी वन्संकडे बघितलं, हातातलं गजराचं घड्याळ बघितलं आणि जाऊन 'जाईल'च्या कोपऱ्यात ठेवलं. त्यानंतर हात चालू लागला.

चौथ्या दिवशी पुढची खोली रिकामी झाली. मी वरून खाली आले: आधी छत, पंखा, मग भिंती, मग खिडक्या, शेवटी जमीन. आधी ओलसर फडक्यानं धूळ टिपायची, झटकायची नाही. झटकलेली धूळ जात नाही, जागा बदलते. मग सोड्याचं पाणी, मग साधं पाणी. संध्याकाळी मी दार बंद करून म्हणाले, झाली.

वन्सं त्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाच-सहा मिनिटांत त्यांना खोकला आला.

"झाली नाही," त्या म्हणाल्या.

"तुमचं दुखणंच आहे, वन्सं."

"दुखणं आहे म्हणूनच सांगते. बाहेर जिन्यात मी मघापासून गप्प बसले होते, आत आले आणि घसा धरला. कुठंतरी आहे."

मी पुन्हा शोधलं. पडद्याची दांडी आतून पोकळ होती, आणि तिच्या दोन्ही तोंडांत धुळीचे बोळे. आणि दिव्याच्या वाटीत मेलेल्या किड्यांचा चुरा. काढलं. वन्सं पुन्हा बसल्या. अर्धा तास, दार-खिडक्या बंद. खोकला नाही.

मी बाहेर जिन्यात पायरीवर बसून विचार करत राहिले. नर्स येईल, बोट फिरवील, नाक लावील. पण त्या आजारी बाईच्या छातीला काय सोसेल, ते सांगणारी छाती आमच्याकडे आधीच होती.

"वन्सं," मी म्हणाले, "उद्यापासून प्रत्येक खोली तुम्ही पास करायची. अर्धा तास बसायचं. खोकला आला की मी पुन्हा फडकं उचलणार. तुमच्या शब्दापुढं माझा शब्द नाही."

 वन्सं दात पडलेल्या जागी जीभ फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "अर्धा तास कशावर मोजायचा? ह्यांच्याकडे चालू घड्याळ आहे का एक तरी?"

घड्याळजींनी त्याच रात्रीच्या आत एक भिंतीवरचं घड्याळ चालू करून दिलं. तेवढंच त्या घरात राहिलं.

सहाव्या दिवशी मागच्या खोलीनं आम्हाला अडवलं. खाट तिथंच यायची होती, खिडकीशी. मी दोनदा घासली, वन्सं दोनदा खोकल्या. तिसऱ्यांदा त्या खुर्ची उचलून खोलीभर फिरल्या. इथं बस, तिथं बस, मांजर बसायला जागा शोधतं तसं. घड्याळजींच्या कामाच्या टेबलाशी आल्या आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे आहे," त्या म्हणाल्या.

मी खण उघडला. आत बेंझिनची बाटली, घड्याळाचे भाग धुवायची, आणि त्यात बुडवलेल्या चिंध्या, कोण जाणे किती वर्षांच्या. बाटली काढली, चिंध्या काढल्या, खण घासला. तरी वास तिथंच. दुकानात होतं तेव्हापासून, तीस वर्षं लाकूड ते पीत आलं होतं. तो वास आता पुसण्यातला नव्हता, लाकडाचाच झाला होता.

"टेबल जायला हवं," मी म्हणाले.

घड्याळजी टेबलाच्या कडेवर तळहात ठेवून उभे राहिले. "बाई, बाकी सगळं दिलं ना मी. एकेचाळीसातली चाळीस दिली. हेच माझे हातपाय आहेत. ह्याच्याशी बसलो नाही तर मी करायचं काय? हे बाहेर ठेवू, जिन्यात ठेवू."

"जिन्यातला वास दाराखालून येतो."

"मग दुसऱ्या खोलीत. दार लावून."

मी काही बोलणार तोच वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तू जरा पाणी बदलून आण."

पाणी आत्ताच बदललं होतं. तरी मी बादली घेऊन गेले. मोरी काही लांब नव्हती, सगळं ऐकू येत होतं.

"घड्याळजी," वन्सं म्हणत होत्या, "माझ्या हातात तीस वर्षं एक बाटली होती. माझ्यासारखी मोरी ह्या शहरात कुणी घासत नव्हतं. ती ठेवायला सांगितली तेव्हा मी तीन दिवस जेवले नाही. वाटलं, बाटली गेली म्हणजे मी गेले. मग कळलं, बाटलीनंच मला अर्धी नेली होती. तुम्ही ह्या टेबलाशी बसायचा तेव्हा त्या कुठं असायच्या?"



"इथंच," घड्याळजी म्हणाले. "खाटेवर. शिवत बसायची. खिडकी मी बंद ठेवायचो. वाऱ्यानं बारीक स्क्रू उडतात."

वन्संनी पुढं एक शब्द काढला नाही. मला माझ्या नणंदेचा त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा तीस वर्षांत वाटला नव्हता, कारण त्यांना बोलायची संधी मिळाली आणि त्या गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी, आमचा निरोप मिळून, हाताचं काम शिकवणाऱ्या शाळेतले मास्तर हातगाडी घेऊन आले. टेबल, हत्यारं, घट्ट झाकणातलं बेंझिन आणि चाळीस घड्याळं त्यांच्या मुलांना शिकायला गेली. घड्याळजींनी डोळ्याला लावायचं भिंग तेवढं खिशात ठेवलं. मास्तर म्हणाले, "आठवड्यातून दोनदा तुम्हीच या ना शिकवायला. बायकोला सोडून जास्त वेळ नको. दोन तास." घड्याळजी गाडीला मागून धक्का देत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "मंगळवार आणि शुक्रवार."

आठव्या दिवशी संध्याकाळी शेवटची फरशी पुसताना मी चूक केली.

तीस वर्षांची सवय आहे. काम संपलं की मालक दारात येतो, लांब श्वास घेतो आणि म्हणतो, वा. तो श्वास म्हणजे आमची शाबासकी. ह्या घरात शेवटच्या पाण्याला कसलाच वास नव्हता आणि मला ते काम अर्धवट राहिल्यासारखं वाटायला लागलं. माझ्या पिशवीत निलगिरीच्या तेलाची बाटली होती. झाडाचं तेल, त्यात काय विष असणार. वर सर्दीला चांगलं. एक झाकण मी बादलीत ओतलं आणि तिन्ही खोल्या पुसल्या. घर असं दरवळलं की मी स्वतःच दारात उभी राहून लांब श्वास घेतला.

नवव्या दिवशी सकाळी वन्सं मागच्या खोलीत बसल्या. मी दार लावलं. दोन मिनिटं झाली असतील. खोकला नव्हता तो, घरघर होती, आणि खुर्ची पडल्याचा आवाज. मी दार उघडलं तर त्या भिंतीला धरून उभ्या, ओठ निळसर. घड्याळजींनी आणि मी त्यांना जिन्यात आणून बसवलं. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास ठिकाणावर आला.

"काय घातलंस?" त्यांनी विचारलं.

"वन्सं, पानांचं तेल होतं. बाटलीतलं औषध नाही. झाडाचं—"

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," त्या म्हणाल्या. "माझं ॲसिड वाईट, तुझं तेल गुणाचं. वहिनी, तुला वाचता येतं. माझ्या छातीला येत नाही. पान की कारखाना, तिला काय कळतंय?"

घड्याळजी पायरीवर खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मला शुश्रूषागृहाकडे जाणारी बस दिसली. मी आठ वर्षं वन्संना वासावरून टोमणे मारत होते, आणि वासाच्या मोहानं त्या बाईचं घर मीच घालवायला निघाले होते.

"उद्या सकाळी नऊला नर्स," मी म्हणाले. "आत्ता आठ वाजलेत. पूर्ण दिवस आहे." हे मी त्यांना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

सगळ्या खिडक्या उघडल्या. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, जे-जे कापडी होतं ते काढून साध्या साबणात धुतलं आणि गच्चीवर उन्हात टाकलं. फरशीच्या सांध्यांत तेल बसलं होतं. त्यावर सोडा कोरडाच पसरला, तासभर राहू दिला, झाडून काढला. मग गरम पाणी आणि साबणाचा चुरा, गुडघ्यांवर बसून, दातांच्या जुन्या ब्रशनं, सांधा न सांधा. मग साधं गरम पाणी, तीनदा. घड्याळजी बादल्या आणत होते. बारीक स्क्रू फिरवणारी त्यांची बोटं. ब्रश हातात घेतला तेव्हा माझ्यापेक्षा नीट चालवला त्यांनी. दुपारी आम्ही जिन्यात उभ्याउभ्याच जेवलो. वन्सं वरच्या पायरीवरून ओरडत होत्या, "दाराच्या उंबऱ्याखाली. कपाटाच्या पायांना." सगळं मला ठाऊक होतं, तरी मी "हो वन्सं, हो वन्सं" करत होते. त्या दिवशी ते ऐकून घेणं माझ्या वाट्याचं होतं.

ऊन कलल्यावर घर वाळलं. खिडक्या बंद केल्या आणि तासभर घर तसंच ठेवलं. मी वन्संना म्हणाले, "तुम्ही बसू नका. सकाळी जे झालं ते पुरे."

"मग कोण बसणार? तू? तुझं नाक तेलानं मेलंय."

त्या आत गेल्या. आम्ही दाराबाहेर उभे. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. दहा मिनिटं. वीस. अर्धा तास झाला, आवाज नाही. पाऊण तास झाला. मी घड्याळजींकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.  मी दार ढकललं.

वन्सं खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या, तोंड उघडं. छाती सावकाश वर-खाली होत होती. झोपल्या होत्या. वर्षभर त्यांना उशा रचून बसून झोपावं लागत होतं, तेही अर्धंमुर्धं, आणि इथं सरळ घोरत होत्या.

दहाव्या दिवशी नर्स नऊच्या ठोक्याला आली. तरुण, कडक, हातात कागद. दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. कपाटाच्या मागे वाकून बघितलं. पडदा नाकाला लावला. मोरीत तर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "वास कसा नाही? साफ केलेल्या घराला वास असतो. काय वापरलंत?"

मी सांगितलं.

"आणि तपासलं कुणी?"

"मी," वन्सं म्हणाल्या. "रोज. दार लावून, अर्धा तास."

नर्सनं तिचं यंत्र वन्संच्या पाठीला लावलं, न विचारता. ऐकलं. पुन्हा ऐकलं. "मावशी, ह्या छातीनं तुम्ही इथं रोज बसलात?"

"ह्या छातीनं म्हणूनच बसले. चांगल्या छातीला काय कळतंय?"

नर्सनं कागदावर सही केली. जाताना ती दारात थांबली. तिच्याकडे आणखी दोन रोगी होते, घरी सोडायचे, आणि घरं तयार नव्हती. तिनं पत्ते माझ्याकडे दिले, पण विचारलं वन्संना: "तुम्ही याल?"

"भावजय घासणार असेल तर येईन," वन्सं म्हणाल्या. "तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

त्या दिवसापासून वन्संना पुन्हा काम मिळालं. लोकांना म्हणायच्या, आयुष्यभर कष्ट केले, आता बसून खाते. आम्ही तशी एकोणतीस घरं केली. एकही नापास झालं नाही. ह्या कामात मी पुष्कळ घरं चमकवली, पण सांगण्यासारखी हीच.

घड्याळजींची बायको त्याच दुपारी घरी आली. रुग्णालयातल्या दोघांनी खुर्चीत बसवून वर आणली. तिनं रिकामी खोली बघितली, खिडकीशी लावलेली खाट बघितली, जिथं टेबल होतं ती जागा बराच वेळ बघितली. मग नवऱ्याला म्हणाली, "खिडकी उघडा ना." त्यांनी उघडली.

ती त्या खाटेवर एक वर्ष आणि चार महिने राहिली. माघाच्या शेवटी, एका बुधवारी पहाटे, घरातच वारली. घड्याळजी शेजारी होते. वन्सं त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, कार्तिकात, एका गुरुवारी दुपारी वारल्या. त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या.